अठ्ठ्याऐंशी अंशांची धार

बाहेर शेहेचाळीस, आत उणे दोन.
मधे एक काचेचं दार आणि भाड्याचा निळा कोट.
मी आतल्या बाजूला, उताराच्या पोटाखाली,
लोकांच्या स्कींना धार लावतो.

छातीवरच्या बिल्ल्यावर यासीन एस.
एस म्हणजे काय, दुबईत सहा वर्षांत
एकट्या ब्रेदाबाईंनी विचारलं.
म्हटलं, शिकलगार. तासगावच्या आठवडी बाजारात
अब्बा सायकल स्टँडवर चढवून पायडल मारायचे,
चाकावर विळ्या, अडकित्ते, कोयते,
आणि ठिणग्या माझ्या चड्डीला भोकं पाडायच्या.
त्या म्हणाल्या, म्हणजे तू खानदानी आहेस.

ब्रेदा होचेवार. स्लोव्हेनियाच्या.
आपला हिशेब त्या असा सांगतात:
अकरा हिवाळे, सात विजय,
डावा गुडघा तीनदा उघडला, उजवा एकदा,
लग्न एक, तेही वळणावर निसटलं.
आणि एक शर्यत एका शतांशाने गेली.
शतांश म्हणजे किती, मी विचारलं होतं.
त्यांनी हातमोजा काढून
करंगळीचं नख दाखवलं. एवढं.

आता शनिवारी त्या पोरांना शिकवतात.
सात वर्षांची शम्सा वरच्या टोकाला रडते,
बाई तिच्याशेजारी बर्फात फतकल मारून बसतात:
घाबर की. पण खाली बघून नको घाबरू,
पुढच्या फाटकाकडे बघून घाबर.

ऑगस्टमधल्या एका रात्री दोन वाजता
पेंग्विनसुद्धा झोपले होते,
छतातली यंत्रं नवा बर्फ पिंजत होती,
बाईंनी एक लांबलचक पिशवी माझ्या बाकावर ठेवली.
आत जुनी जोडी, माझ्याहून हातभर उंच.
पडले ती नव्हे, म्हणाल्या. जिंकले ती.

समुद्राच्या हवेने कडा तांबूस झालेल्या.
मी अठ्ठ्याऐंशीला कानस लावली,
मग हिऱ्याचा दगड, मग इस्त्रीने मेण.
गंज मांडीवर पडत राहिला
पंढरपुरी तंबाखूसारखा, बारीक.
बोलत कोणीच नव्हतं.
झाल्यावर त्यांनी कडेवर अंगठ्याचं नख घासलं,
नखाचा पांढरा भुगा निघाला, मान हलवली.
मी बघतच राहिलो.
अब्बाही असंच करायचे, गिऱ्हाइकासमोर, प्रत्येक कोयत्यावर.

वेळ लाव, म्हणाल्या.

चारशे मीटर. तेवढाच डोंगर आहे या देशात.
त्या वरून सुटल्या तेव्हा गुडघे छातीशी,
हात पुढे, तोंडात कुणाची तरी शिवी असावी.
आवाज मात्र ओळखीचा होता:
उसाच्या कांडीतून कोयता जातो ना, तसा,
फक्त तुटता न तुटणारा.
उतार संपतो तिथे हॉट चॉकलेटचं दुकान आहे.
म्हणून त्यांना पाऊण वाटेतच ब्रेक लावावा लागला,
अजून वेग चढत होता तेव्हाच.
दुकानाच्या काचेवर बर्फ थाडकन बसला.

किती?
अठरा सेकंद आणि काहीतरी. माझा अंगठा मेणाने घसरला.
बाई खोकेपर्यंत हसल्या.
काहीतरीवरच तर हरले होते मी, यासीन.
मग मूठभर बर्फ पँटमध्ये कोंबून
डाव्या गुडघ्यावर धरून बसल्या,
बंद लिफ्टच्या खुर्चीवर, बराच वेळ.

सकाळी बाहेर पडताच चष्मा आंधळा झाला.
अल कूजच्या बसमध्ये मी अब्बांना फोन लावला,
सांगितलं, एक बाई आहे,
तरुणपणी दीड मिनिटात अख्खा डोंगर उतरायची.
पलीकडे कोंबडा, मग खाकरणं.
एवढी कसली घाई, ते म्हणाले.
आणि जरा थांबून:
तेव्हा धार कोण लावायचं तिची?

मला माहीत नव्हतं.
शनिवारी विचारीन.